लॉक दिसते, फाइल सापडत नाही : वाळूजच्या टूलरूममधील एक प्रकरण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी प्रेस टूल्स बनवणारा एक छोटा कारखाना आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे, त्या भागांच्या डाय (साचे) बनवणारे आणि त्या डायची दुरुस्ती करणारे असे एक मोठे जाळे या परिसरात उभे राहिले. हा कारखाना त्याच जाळ्यातला. डिझाइन विभागात चार जण, टूलरूममध्ये वायरकट (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणे), ग्राइंडिंग आणि मिलिंग मिळून पंधराएक माणसे, आणि या सर्वांच्या ड्रॉइंगसाठी एकच सबव्हर्जन सर्व्हर, म्हणजे फाइलींची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारी सामाईक जागा. त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. पुढील प्रकरण त्या सर्व्हरवरील चौदा फाइलींचे आहे, आणि ते सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे की त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही एक बटण दाबण्याच्या बेतात होतो, आणि ते दाबले असते तर फाइलींपर्यंत पोहोचवणारा एकमेव धागा आमच्याच हातून तुटला असता.

सबव्हर्जनमध्ये मजकुराच्या फाइलींवर दोघांनी एकाच वेळी काम केले तरी दोघांचे बदल एकमेकांत मिसळता येतात. सॉलिडवर्क्स या कॅड (संगणकावर डिझाइन करण्याच्या) सॉफ्टवेअरमधील पार्ट किंवा असेंब्लीच्या फाइलींचे तसे नसते. दोन माणसांनी एकाच डाय प्लेटमध्ये वेगवेगळी भोके पाडली, तर त्या दोन फाइलींची एक फाइल करण्याचा कोणताही स्वयंचलित मार्ग नाही. एकाचे काम टाकूनच द्यावे लागते. त्यासाठी २००५ मध्ये आलेल्या सबव्हर्जन १.२ पासून लॉकची सोय आहे. या कारखान्यात सर्व कॅड फाइलींना ‘नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावलेला आहे, म्हणजे फाइल प्रत्येकाच्या संगणकावर फक्त वाचण्यापुरती उतरते, आणि ज्याला बदल करायचा आहे त्याने आधी सर्व्हरवर तिचे लॉक घ्यायचे, मगच ती लिहिण्याजोगी होते. काम संपवून कमिट केले, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवले, की लॉक आपोआप सुटते. ही व्यवस्था टूलरूमच्या माणसांना चटकन पटली, कारण एका साच्यावर एका वेळी एकच कारागीर, ही शिस्त त्यांच्या हातात आधीपासूनच असते.

सोमवारी सकाळी डिझाइन विभागातील तरुण अभियंत्याचा फोन आला. एका ब्रॅकेटच्या प्रोग्रेसिव्ह डायमध्ये (टप्प्याटप्प्याने भाग घडवणाऱ्या डायमध्ये) त्याला बदल करायचे होते, गुरुवारी ग्राहकाकडे दुसरा ट्रायआउट (डायची चाचणी) होता, आणि त्या डायच्या चौदाही फाइली त्याच्याच नावावर लॉक दिसत होत्या. “सर, लॉक माझ्या नावानं दाखवायलंय, पण मी ती डाय उघडलीच नाही ओ. सकाळपासून शोधायलोय, माझ्या मशीनवर तर काहीच नाही,” असे तो म्हणाला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ डिझाइनरने उपायही सांगून ठेवला होता: टॉर्टॉइजएसव्हीएन या सबव्हर्जन वापरण्याच्या विंडोज प्रोग्रॅमच्या खिडकीत लॉक हिसकावून घेण्याचा पर्याय असतो, तो निवडायचा आणि कामाला लागायचे. मी पोहोचेपर्यंत थांबा, अशी विनंती केली.

थांबवण्यामागचा विचार साधा होता. सर्व्हरवर लॉक आहे याचा अर्थ कोणीतरी, कधीतरी, कोठल्यातरी संगणकावर त्या फाइली लिहिण्याजोग्या करून घेतल्या आहेत. त्यात बदल झाले असतील किंवा नसतील, पण झाले असतील तर ते सर्व्हरवर आलेले नाहीत. लॉक हिसकावून घेऊन अभियंत्याने जुन्या आवृत्तीवर काम केले आणि कमिट केले, तर आधीचे काम नंतर सापडूनही उपयोगाचे राहत नाही, कारण दोन कॅड फाइली मिसळता येत नाहीत. शिवाय तोडलेल्या लॉकबरोबर त्याची सर्व्हरवरची नोंदही जाते, आणि शोधाला सुरुवात करायची तर हातात ती नोंद एवढेच होते.

म्हणून पोहोचल्यावर पहिले काम केले ते सर्व्हरवरील लॉकची पूर्ण यादी काढून एका वेगळ्या फाइलीत जपून ठेवण्याचे. ‘एसव्हीएनॲडमिन’च्या ‘एलएसलॉक्स’ या आज्ञेने प्रत्येक लॉकमागे मार्ग, टोकन (त्या लॉकची स्वतःची खास खूण), मालकाचे नाव, घेतल्याची वेळ आणि लिहिली असल्यास टिप्पणी मिळते. येथे टिप्पणी कोरी होती. वेळ मागच्या बुधवारी दुपारी चार वाजून बेचाळीस मिनिटांची, चौदाही फाइलींची एकाच मिनिटातली. म्हणजे कोणीतरी एकेक फाइल न निवडता पूर्ण फोल्डरवर लॉक घेतले होते. मात्र या नोंदीत जी गोष्ट मला हवी होती ती नव्हती: लॉक कोणत्या संगणकावरून आणि कोणत्या फोल्डरमधून घेतले गेले. पर्फोर्ससारख्या प्रणालीत उघडलेल्या प्रत्येक फाइलीमागे वर्कस्पेसचे नाव असते आणि वर्कस्पेसच्या नोंदीत संगणक व मूळ फोल्डर सापडतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल सोर्ससेफमध्येसुद्धा चेकआउटच्या (फाइल कामासाठी घेतल्याच्या) माहितीत संगणक आणि फोल्डर दिसत असे. सबव्हर्जनच्या लॉकला माणूस माहीत असतो, जागा माहीत नसते. आणि या प्रकरणात तर माणूसही खरा निघाला नाही.

अभियंत्याच्या संगणकावरील वर्किंग कॉपीत, म्हणजे सर्व्हरवरून उतरवलेल्या कामाच्या प्रतीत, सर्व्हरशी ताडून स्थिती पाहिली, तेव्हा चौदाही फाइलींपुढे ‘ओ’ हे अक्षर आले. या अक्षराकडे लोक सहसा ‘दुसऱ्या कोणाचे तरी लॉक’ एवढाच अर्थ लावून पाहतात. त्याचा नेमका अर्थ वेगळा आहे: लॉक सर्व्हरवर आहे, पण त्याचे टोकन या वर्किंग कॉपीत नाही, दुसऱ्या कोणत्यातरी वर्किंग कॉपीत आहे. टोकन याच प्रतीत असते तर ‘के’ दिसले असते. कोणी हिसकावून घेतले असते तर ‘टी’, आणि नुसते तोडले असते तर ‘बी’. म्हणजे नाव अभियंत्याचे असले तरी लॉक त्याच्या या फोल्डरमधून घेतलेले नव्हते, हे त्या एका अक्षराने निश्चित सांगितले, आणि दुसरी वर्किंग कॉपी कोठेतरी आहे एवढे आम्हाला कळले. मुलगा खरे बोलत होता, हे सगळ्यांसमोर स्पष्ट झाल्याचे मला मनापासून बरे वाटले, कारण तोपर्यंत त्याच्याकडे ‘विसरला असशील’ अशाच नजरेने पाहिले जात होते.

दुसरी प्रत शोधण्यासाठी सर्व्हरच्या दुसऱ्या एका नोंदीकडे वळलो. येथे सबव्हर्जन अपाचे वेब सर्व्हरमार्फत चालते, त्यामुळे लॉक घेण्याची प्रत्येक विनंती अपाचेच्या ॲक्सेस लॉगमध्ये एक ओळ म्हणून उतरते. बुधवारी चार बेचाळीसच्या आसपास पाहिले तेव्हा त्या ओळी एकाखाली एक सापडल्या. आरंभी नाव-पासवर्ड न देता आलेली आणि म्हणून ४०१ (ओळख द्या) असे उत्तर मिळालेली विनंती, तिच्यामागून अभियंत्याच्या नावाने आलेल्या, २०० (मंजूर) असे उत्तर मिळालेल्या चौदा ओळी. प्रत्येक ओळीच्या आरंभी आयपी पत्ता होता, १९२.१६८.१.४७. त्याच पत्त्यावरून त्यानंतर कमिटची कोणतीही विनंती आली नव्हती, म्हणजे काम झाले असेल तर ते अजून त्या संगणकावरच होते.

राउटरमध्ये पाहिले तर ४७ हा पत्ता खरेदी विभागातील लॅपटॉपकडे होता. त्या लॅपटॉपवर सॉलिडवर्क्स नाही, टॉर्टॉइज नाही. तरीही तो तपासण्यात आमचा जवळजवळ एक तास गेला. छोट्या कारखान्यात राउटर पत्ते फिरवून देतो, आणि त्याच्या यादीत फक्त आजची स्थिती असते. बुधवारी ४७ कोणाकडे होता हे तिच्यातून कळत नाही. ही गोष्ट मला ठाऊक असूनही आधी तिकडे गेलो, याचे आजही वाईट वाटते.

खरी खूण त्याच ओळींच्या शेवटी होती. लॉगचा प्रकार ‘कंबाइन्ड’ ठेवलेला असेल तर प्रत्येक ओळीच्या अखेरीस विनंती करणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख येते, आणि टॉर्टॉइज त्या ओळखीत स्वतःची आवृत्तीसुद्धा लिहितो. त्या चौदा ओळींत सबव्हर्जन १.९.७ आणि त्याच आवृत्तीचा टॉर्टॉइज असे लिहिले होते. ही आवृत्ती २०१७ ची. डिझाइन विभागातील सर्व संगणकांवर मी स्वतः १.१४ बसवली होती. मागच्या महिनाभराच्या लॉगमध्ये १.९.७ कोठून कोठून आली ते शोधले, तर वेगवेगळ्या पत्त्यांवरून, पण नेहमी पहिल्या पाळीच्या वेळेत, आणि नेहमी वायरकटच्या फोल्डरमधील फाइली वाचताना. हे सांगताच टूलरूमचे फोरमन काका म्हणाले, “मग तो वायरकटपाशीचा कॉम्प्युटर असंल. पण त्याला तर शनिवारीच नवीन विंडोज टाकलंय.”

वायरकट मशीनच्या बाजूला लाकडी टेबलावर ठेवलेला हा जुना संगणक प्रोग्रॅमिंगसाठी वापरला जातो. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यावर ड्रॉइंग उघडता यावीत म्हणून अभियंत्यानेच आपल्या नावाने लॉगिन करून दिले होते आणि पासवर्ड जतन झाला होता. तेव्हापासून त्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण सर्व्हरला तो अभियंता म्हणूनच दिसत होता. वायरकटचा प्रोग्रॅमर बहिणीच्या लग्नासाठी शुक्रवारपासून केजला गेलेला होता. त्याला फोन लावला, आणि मांडवातला गोंगाट मागे ऐकू येत असताना त्याने सगळे सांगितले. पहिल्या ट्रायआउटमध्ये भोकांच्या कडेला बर (धारदार कंगोरा) जास्त येत होता, म्हणून काकांनी क्लिअरन्स (पंच आणि डाय यांमधील फट) वाढवायला सांगितले, १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी बाजूला ०.०८ होता तो ०.११ केला. डिझाइनरला त्रास नको म्हणून बदल त्याने स्वतःच ड्रॉइंगमध्ये केले, आणि नेहमीचा फोल्डर खोल असल्याने डायचा फोल्डर थेट डेस्कटॉपवर नव्याने चेकआउट करून (सर्व्हरवरून उतरवून) घेतला. गुरुवारी दुपारी लाइट गेली, यूपीएसने साथ दिली नाही, आणि त्यानंतर संगणक सुरूच झाला नाही. “भाऊ, आता ते गेलंच म्हणा की. फॉरमॅट मारलं म्हणल्यावर काय राहतंय,” असे तो खिन्न होऊन म्हणाला.

फॉरमॅट झाले होते की नव्हते, हाच आता मुख्य प्रश्न होता. शनिवारी आलेल्या तंत्रज्ञाने विंडोज १० पुन्हा बसवताना सी ड्राइव्ह पुसून काढला असता तर शोध तेथेच संपला असता, कारण त्या संगणकात १२० जीबीची एसएसडी होती, आणि ट्रिमची (पुसलेली जागा लगेच मोकळी करण्याची) सोय चालू असलेल्या एसएसडीवरून पुसलेली फाइल फिरून मिळण्याची आशा फार थोडी असते. त्याने पुसले नव्हते, जुन्यावरच नवे बसवले होते. अशा वेळी विंडोज जुन्या वापरकर्त्यांचे फोल्डर, त्यांच्या डेस्कटॉपसह, ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये सरकवून ठेवते. हा फोल्डर कायमचा नसतो. विंडोज बदलल्यावर साधारण दहा दिवसांनी तो आपोआप काढला जाऊ शकतो, आणि डिस्क क्लीनअपमध्ये ‘आधीची विंडोज’ या ओळीवर खूण केली तर त्याच क्षणी. संगणकाजवळ गेलो तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात जागा कमी असल्याची सूचना उभी होती, आणि जेवणानंतर क्लीनअप मारायचे असे तेथील मुलाने ठरवलेले होते.

संगणक शिफ्ट कळ दाबून पूर्ण बंद केला, म्हणजे विंडोजची झटपट सुरू होण्याची सोय अर्धवट स्थिती मागे ठेवत नाही. एसएसडी काढली आणि माझ्या लिनक्स लॅपटॉपला फक्त वाचण्याच्या पद्धतीने जोडली. हे विंडोजमधूनही करता आले असते, पण नव्या विंडोजला जुन्या खात्याचा फोल्डर परका वाटतो, ती परवानगी मागते आणि परवानगी देताना हजारो फाइलींच्या नोंदी बदलते. हरवलेली वस्तू शोधताना तिच्या जागेला हात न लावणे मला अधिक योग्य वाटते. मग पूर्ण डिस्कवर ‘.एसव्हीएन’ नावाचे लपवलेले फोल्डर शोधले. सबव्हर्जन १.७ पासून प्रत्येक वर्किंग कॉपीच्या मुळाशी असा एकच फोल्डर असतो, त्यामुळे जितके फोल्डर सापडतील तितक्या वर्किंग कॉपी. येथे दोन सापडल्या. एक वायरकटच्या जुन्या कामाची, आणि दुसरी विंडोज.ओल्डमधील डेस्कटॉपवर.

नाव सारखे आहे एवढ्यावरून हीच ती प्रत असे मानायचे नव्हते. ‘.एसव्हीएन’मध्ये ‘डब्ल्यूसी.डीबी’ नावाची एस्क्यूलाइटची माहिती-फाइल असते आणि तिच्यात लॉकची एक सारणी असते. मूळ डिस्कवर ती न उघडता, ती आणि तिच्या शेजारी उरलेली जर्नल फाइल अशा दोन्ही लॅपटॉपवर उतरवल्या. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेला व्यवहार या जर्नलमध्ये असतो. ती मागे ठेवून फक्त मुख्य फाइल उचलली तर माहिती बिघडलेली दिसण्याचा धोका असतो. सारणी उघडली. ‘ओपेकलॉकटोकन’ या शब्दाने सुरू होणारी चौदा लांबलचक टोकने होती. सकाळी सर्व्हरवरून काढून ठेवलेली यादी शेजारी उघडली आणि काका एकेका टोकनाची शेवटची चार अक्षरे मोठ्याने वाचत गेले, मी दुसऱ्या यादीत बोट ठेवत गेलो. चौदाच्या चौदा जुळली. सकाळी लॉक हिसकावले असते तर सर्व्हरवर नवी टोकने असती आणि ही खातरजमा करायला काहीच उरले नसते.

पुढचे काम घाईचे नव्हते, पण जपून करण्याचे होते. पूर्ण फोल्डर, लपवलेल्या भागासह, बाहेरच्या डिस्कवर उतरवला, त्याची आणखी एक प्रत काढली आणि दुसऱ्या प्रतीवरच काम केले. वर्किंग कॉपी अशी पूर्णच्या पूर्ण उचलून दुसरीकडे ठेवली तरी चालते, कारण आतले मार्ग मुळाच्या सापेक्ष लिहिलेले असतात, फक्त ‘.एसव्हीएन’ मागे राहता कामा नये. १.९ ची वर्किंग कॉपी १.१४ ला तशीच वाचता आली, तिचे रूप बदलावे लागले नाही.

स्थिती पाहिली तर फोल्डरपुढे ‘एल’ आले आणि सबव्हर्जनने प्रत ‘लॉक्ड’ आहे, असे सांगितले. येथे जाणकारांचीही गल्लत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. सबव्हर्जनमध्ये लॉक हा एकच शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी येतो. आपण घेतो ते सर्व्हरवरचे लॉक वेगळे, आणि प्रोग्रॅम स्वतःचे काम अर्धवट असताना वर्किंग कॉपीला लावून घेतो ते लॉक वेगळे. ‘एल’ या दुसऱ्या प्रकाराचे असते, लाइट गेल्यामुळे ते तसेच राहिले होते, आणि त्याला क्लीनअप हाच उपाय आहे. क्लीनअपने सर्व्हरच्या लॉकची टोकने जात नाहीत. मात्र टॉर्टॉइजच्या क्लीनअप खिडकीत त्याच जागी आणखी काही चौकटी असतात: सर्व बदल मागे घेणे, नोंद नसलेल्या फाइली पुसणे. त्यांपैकी एका चौकटीवर चुकून खूण राहिली तर जे शोधायला आलो तेच नाहीसे होते. म्हणून मी हे काम आज्ञेच्या खिडकीतून केले, जिथे न सांगितलेले काही होत नाही.

क्लीनअपनंतर खरे चित्र दिसले. चौदाही फाइलींपुढे ‘के’ होते. त्यांपैकी पाचांपुढे ‘एम’, म्हणजे बदललेल्या. उरलेल्या नऊ फाइलींना हात लागलेला नव्हता. शिवाय दोन फाइलींपुढे प्रश्नचिन्ह होते: प्रोग्रॅमरने नव्याने बनवलेला एक पंच आणि त्याचा रिटेनर (पंच धरून ठेवणारा भाग), ज्यांची सबव्हर्जनमध्ये अजून नोंदच झालेली नव्हती. केवळ लॉक असलेल्या चौदा फाइलींचा हिशोब धरला असता तर या दोन मागे राहिल्या असत्या, आणि असेंब्ली उघडताना पंचाच्या जागी नुसते रिकामे नाव दिसले असते. याखेरीज ‘~$’ अशी सुरुवात असलेल्या तीन छोट्या फाइली होत्या. सॉलिडवर्क्स फाइल उघडताना अशी सोबतीण फाइल बनवते आणि बंद करताना काढून टाकते; त्या उरल्या होत्या यावरून लाइट गेली तेव्हा कोणत्या तीन फाइली उघड्या होत्या, ते कळले. असेंब्ली, डाय प्लेट आणि स्ट्रिपर प्लेट (पंचावरून पत्रा सोडवणारी प्लेट).

शंका त्या तीन फाइलींवरच होती आणि ती एका बाबतीत खरी ठरली. असेंब्ली आणि डाय प्लेट नीट उघडल्या. स्ट्रिपर प्लेटची फाइल आकाराने योग्य होती, पण आतील बाइट पाहिले तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्येच शून्ये होती. साठवणे चालू असतानाच लाइट गेली, की असे होऊ शकते: फाइलीचा आकार डिस्कवर नोंदवला जातो, पण मजकूर पोहोचलेला नसतो. वर्किंग कॉपीत प्रत्येक फाइलीची सर्व्हरवरून आलेली मूळ प्रत ‘प्रिस्टीन’ फोल्डरमध्ये जपलेली असते, आणि तिच्यातून स्ट्रिपर प्लेटची जुनी आवृत्ती काढता आली. पण तेथे फक्त चेकआउटच्या वेळचे रूप असते. बुधवार-गुरुवारचे काम तेथे कधी गेलेलेच नव्हते. ते काम उरले होते एका कागदावर. काकांनी ट्रायआउटनंतर पेन्सिलीने काढलेला, तेलाचे बोट उमटलेला तो कागद वायरकटच्या काचेखाली तसाच होता, आणि त्यावर स्ट्रिपरच्या भोकांची मापे लिहिलेली होती. अभियंता संध्याकाळी काकांजवळ बसला आणि त्याने ती मापे जुन्या आवृत्तीत घातली. दोन तासांत काम झाले. शून्यांची फाइल मी टाकून दिली नाही, बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवली आहे.

कमिट त्याच सापडलेल्या प्रतीतून केले, कारण टोकने तिच्यातच होती. आधी दोन नव्या फाइलींची नोंद केली, ‘~$’च्या तीन फाइली काढल्या, सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण असेंब्ली उघडून एकही संदर्भ तुटलेला नाही याची अभियंत्याने खात्री केली, आणि मग कमिट केले. पूर्ण फोल्डर कमिट केला की त्यातील न बदललेल्या फाइलींचीही लॉक सुटतात, त्यामुळे उरलेल्या नऊ फाइली एकाच वेळी मोकळ्या झाल्या. लॉक अभियंत्याच्या नावावर होते म्हणून कमिटही त्याच्या नावाने करावे लागले, आणि इतिहासात ते काम त्याचे दिसते. हे मला खटकले. नोंदीतील नाव मागाहून बदलण्याची सोय सबव्हर्जनमध्ये देता येते, पण इतिहासाला मागाहून हात लावण्याची सवय कारखान्याला लागू नये असे मला वाटते. म्हणून कमिटच्या संदेशातच बदल कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि का केले ते मराठीत सविस्तर लिहिले. गुरुवारचा ट्रायआउट ठरल्या वेळी झाला.

या प्रकरणानंतर केलेल्या बदलांपैकी सर्वांत महत्त्वाचा मला वायरकटच्या टेबलाचा वाटतो. प्रोग्रॅमरला त्याचे स्वतःचे खाते मिळाले, अभियंत्याचा पासवर्ड बदलला, आणि टॉर्टॉइजची आवृत्ती सर्वत्र एक झाली. येथे एक विचित्र गोष्ट नमूद करायला हवी: जुनी आवृत्ती राहून गेली होती म्हणूनच आम्ही त्या टेबलापर्यंत पोहोचलो. ती खूण आता मिटल्यामुळे तिची जागा भरून काढणे आवश्यक होते. सर्व्हरवर लॉक देण्यापूर्वी चालणारा ‘प्री-लॉक’ हुक, म्हणजे सर्व्हर आपोआप चालवतो तो छोटा प्रोग्रॅम, लिहिला; त्याला फाइलीचा मार्ग, मागणाऱ्याचे नाव, टिप्पणी आणि लॉक हिसकावले जात आहे की नाही, हे सर्व मिळते. टिप्पणीत संगणकाचे ठरवून दिलेले नाव नसेल तर लॉक मिळत नाही, आणि हिसकावण्याची मागणी असेल तर ती नाकारली जाऊन माझ्याशी बोलण्याची सूचना येते. पहिल्या आठवड्यात याची कुरकुर झाली. टिप्पणी लिहायला वेळ लागतो, असे ज्येष्ठ डिझाइनरांनी सांगितले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तरीही तो हुक मी काढलेला नाही. राउटरमध्ये कारखान्याच्या प्रत्येक संगणकाला ठरलेला पत्ता बांधून दिला, आणि अपाचेचे लॉग आता वर्षभर ठेवले जातात.

जुना सर्व्हर बदलण्याचे काम पुढच्या महिन्यात आहे. ते डंप आणि लोडच्या मार्गाने (जुन्या सर्व्हरचा इतिहास फाइलीत काढून नव्यात भरून) करायचे ठरले होते, पण डंपमध्ये लॉक जात नाहीत, इतिहास तेवढा जातो. म्हणून आता हॉटकॉपीने, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी प्रत काढून, करायचे ठरवले आहे. त्याआधी दर सोमवारी सकाळी सात दिवसांहून जुन्या लॉकची यादी फोरमन आणि डिझाइन विभागाकडे जाते. पहिल्याच यादीत नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या एका डिझाइनरच्या नावावर चार लॉक निघाली, एका बेंडिंग टूलची. त्याच्या वेळचा संगणक बदलला गेला आहे, पण त्याची डिस्क स्टोअरमध्ये एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, असे काकांना आठवते. ती लॉक आम्ही अजून तोडलेली नाहीत. येत्या शनिवारी खोके उघडायचे आहे.